आरएन आहात, आता बीएसएन: नोकरी सांभाळून ऑनलाइन पदवी कशी करायची

युनिटवर नवीन आलेल्या एडीएनवाल्या, म्हणजे नर्सिंगची दोन वर्षांची असोसिएट पदवी केलेल्या, मुली मला हटकून एकच प्रश्न विचारतात, "ऑनलाइन बीएसएनला कुठलं कॉलेज सोपं जातं?" मी उलट विचारते, "तुझी क्रेडिट्स किती झालीत?" (बीएसएन म्हणजे नर्सिंगची बॅचलर्स पदवी, आणि क्रेडिट म्हणजे कोर्सचं वजन मोजायचं माप.) बहुतेकींना सांगता येत नाही. मलाही आलं नव्हतं, आणि त्यापायी मी स्टॅटिस्टिक्स दोनदा केलं. एकदा एका कम्युनिटी कॉलेजात, एकदा ऑनलाइन. कम्युनिटी कॉलेजात मी तो एकच कोर्स केला होता, म्हणून तिथला ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रक, पाठवायचं लक्षातच आलं नाही. दोन्ही वेळा ए मिळाला. पैसेही दोन्ही वेळा गेले.

हे सगळं अमेरिकेत आरएन (नोंदणीकृत नर्स) म्हणून नोकरी करणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही इथे दोन वर्षांची एडीएन केली असेल, हॉस्पिटलचा डिप्लोमा केला असेल, किंवा भारतात जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून, एनक्लेक्स ही लायसन्सची परीक्षा देऊन आला असाल. या पदवीतला अभ्यास रोज पेशंट सांभाळणाऱ्या माणसाला फार जड जात नाही. लोक अडकतात ते क्रेडिट, मान्यता, पैसे आणि शिफ्टच्या हिशेबात. हा हिशेब प्रवेश घेण्याआधी करायचा असतो आणि त्याला निवांत दोन महिने द्यावे लागतात.

आधी ठरवा, करायची कशासाठी

एडीएन असो की बीएसएन, एनक्लेक्स-आरएन एकच आणि लायसन्सही एकच. पदवी झाल्यावर नवी परीक्षा नाही, लायसन्सचा नंबर बदलत नाही, बेडसाइडचं कामही तेच राहतं. त्यामुळे "सगळे करतायत म्हणून" हे कारण तिसऱ्या कोर्सपर्यंतही पुरत नाही.

खरी कारणं वेगळी आहेत. २०१० साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने २०२० पर्यंत ८० टक्के नर्सेस बॅचलर्स झालेल्या असाव्यात अशी शिफारस केली. तेव्हापासून मोठी हॉस्पिटलं भरतीतच बीएसएन मागायला लागली किंवा ऑफर लेटरमध्ये "इतक्या वर्षांत पूर्ण करीन" अशी अट घालायला लागली. नर्सिंगच्या दर्जासाठीचं मॅग्नेट मानांकन असलेल्या हॉस्पिटलात नर्स मॅनेजरला नर्सिंगची बॅचलर्स किंवा त्याहून वरची पदवी लागते. न्यूयॉर्क राज्यात डिसेंबर २०१७ मध्ये कायदा झाला: नव्याने लायसन्स घेणाऱ्या आरएनने १० वर्षांच्या आत नर्सिंगची बॅचलर्स करायची. आधीपासून लायसन्स असलेल्यांना तो लागत नाही. कॅलिफोर्नियात पब्लिक हेल्थ नर्सचं सर्टिफिकेट हवं असेल तर बॅचलर्सशिवाय मिळत नाही. आणि पुढे नर्स प्रॅक्टिशनर व्हायचं मनात असेल, तर बहुतेकदा हा जिना चढावाच लागतो.

पगाराबद्दल मात्र मोठी आशा बाळगू नका. माझ्या ओळखीत ज्यांना वाढ मिळाली, त्यांना तासाला एखादा डॉलर मिळाला. आठवड्याला ३६ तास धरले तर वर्षाचे १,८७२ डॉलर होतात, तेही कर कापण्याआधीचे. काही ठिकाणी तेवढंही नाही. एचआरला सरळ विचारा: बीएसएन डिफरन्शियल (पदवीसाठीचा जादा दर) आहे का, किती, आणि क्लिनिकल लॅडरवर (नर्सच्या बढतीच्या पायऱ्यांवर) पदवीचे गुण धरतात का?

ट्रान्सक्रिप्ट गोळा करा, सगळे

बीएसएन साधारण १२० क्रेडिटची असते. एडीएनची क्रेडिट्स, तुमचं आरएन लायसन्स आणि जनरल एज्युकेशनचे (नर्सिंगबाहेरच्या सामान्य विषयांचे) कोर्स मिळून यातली बरीच भरून निघतात. मात्र शेवटची काही क्रेडिट्स त्याच कॉलेजात करावी लागतात. बऱ्याच ठिकाणी ती ३० च्या आसपास असतात. "फक्त ३० क्रेडिट्समध्ये पदवी" ही जाहिरात तिथूनच आलेली आहे. ती खोटी नाही, पण बाकीची ९० तुमच्याकडे आहेत असं तिने गृहीत धरलेलं असतं.

म्हणून आयुष्यात जिथे जिथे एक कोर्स जरी केला असेल, तिथला ट्रान्सक्रिप्ट मागवा. नापास झालेला, अर्धवट सोडलेला, बावीस वर्षांपूर्वीचा, सगळा. अनऑफिशियल प्रत सुरुवातीला चालते. तीन-चार कॉलेजांना ती पाठवून क्रेडिट इव्हॅल्युएशन करून मागा, आणि उत्तर ईमेलवर घ्या. फोनवर गोड बोलणारा एन्रोलमेंट ॲडव्हायझर हा विक्रेता असतो. त्याचं "डोन्ट वरी, ते ट्रान्सफर होईल" हे वाक्य कुठेही नोंदलं जात नाही.

मग गुणाकार करा. समजा, एका कॉलेजात क्रेडिटला ३५० डॉलर पडतात, पण ते तुमची ८८ क्रेडिट्स घेतंय. उरली ३२, खर्च ११,२०० डॉलर. दुसरं कॉलेज क्रेडिटला फक्त २५० घेतंय, पण त्याने ६६ च मानली. उरली ५४, खर्च १३,५०० डॉलर, आणि वर आणखी वर्षभराचा अभ्यास. स्वस्त कॉलेज महाग पडतं ते असं. या आकड्यात टेक्नॉलॉजी फी, प्रॅक्टिकमची (प्रत्यक्ष कामाच्या तासांची) फी आणि ग्रॅज्युएशन फी धरायला विसरू नका. तीन ठिकाणची बेरीज एका कागदावर शेजारी शेजारी लिहिली की निर्णय जवळजवळ आपोआप होतो.

जनरल एज्युकेशनचे दोन-तीन कोर्स कमी पडत असतील तर ते त्याच कॉलेजात महागात करायची गरज नसते. घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात करा, किंवा कॉलेज बोर्डाची क्लेप परीक्षा द्या. बहुतेक विषयांची ती दीड तासाची असते, आणि क्रेडिटसाठी साधारणपणे ५० चा स्कोअर मानला जातो. पण कुठली क्लेप चालेल, हे आधी कॉलेजकडून लेखी घ्या. ज्यांच्याकडे दुसऱ्या विषयातली बॅचलर्स आहे, त्यांना बरीच कॉलेजं जनरल एज्युकेशन माफ करतात. आपल्यातल्या कित्येकींची भारतात बीए किंवा बीकॉम झालेली असते आणि "त्याचा इथे काय उपयोग" म्हणून ती फाइल कपाटाच्या तळाशी पडलेली असते. ती काढा.

जीएनएम करून आलेल्यांसाठी

तुमचं गणित थोडं वेगळं आहे. जीएनएम हा डिप्लोमा, विद्यापीठाची पदवी नव्हे, त्यामुळे त्याला किती क्रेडिट द्यायची हे कॉलेजागणिक बदलतं. कुणी आरएन लायसन्स पाहून नर्सिंगची क्रेडिट्स एकगठ्ठा देतं, कुणी एकही देत नाही. बहुतेक कॉलेजं परदेशी शिक्षणाचं मूल्यमापन मागतात, म्हणजे डब्ल्यूईएस किंवा तशाच संस्थेचा कोर्सनिहाय अहवाल. तुम्ही लायसन्ससाठी सीजीएफएनएस या परदेशी नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या संस्थेकडून अहवाल घेतला असेल, तर तोच चालेल का हे पहिल्यांदा विचारा. चालला तर पैसे आणि महिने वाचतात.

माझी एक मैत्रीण जीएनएमची. तिला पहिल्या कॉलेजाने जवळजवळ शून्य दिलं. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "अगं, तीन वर्षं वॉर्डात राबले ती काय हवेत गेली?" तिसऱ्या कॉलेजाने लायसन्सच्या जोरावर नर्सिंगचा सगळा भाग मान्य केला. तेव्हा एका नकाराने खचू नका आणि एका होकारावर उडी मारू नका. नर्सिंग स्कूलकडून तासांचा तपशील, म्हणजे थिअरी किती आणि क्लिनिकल किती, हा मागवायला मात्र आजच सुरुवात करा. तिथलं पत्र यायला लागणारा वेळ कुणाच्याच हातात नसतो.

मान्यता तपासणं, दहा मिनिटांचं काम

दोन मान्यता बघायच्या. एक कॉलेजची, दुसरी नर्सिंग प्रोग्रॅमची. प्रोग्रॅमला सीसीएनई, एसीईएन किंवा एनएलएन सीएनईए यांपैकी एकाची मान्यता हवी. कॉलेजच्या पानावरचा बिल्ला बघून थांबू नका, त्या संस्थेच्या स्वतःच्या यादीत नाव शोधा. ही दहा मिनिटं वाचवलीत तर पुढे मास्टर्सला अर्ज करताना कळतं की आपली पदवी तिथे धरतच नाहीत.

दुसरं, कॉलेज दुसऱ्या राज्यातलं असेल तर ते तुमच्या राज्यात राहणाऱ्याला शिकवू शकतं का हेही बघा. सारा नावाच्या करारामुळे बहुतेक राज्यांत हा प्रश्न सुटलेला आहे, कॅलिफोर्निया मात्र त्या करारात नाही. प्रॅक्टिकमसाठी राज्याचे वेगळे नियम असू शकतात. "माझ्या राज्यात, माझ्या शहरात प्रॅक्टिकम करता येईल का?" हा प्रश्न ईमेलवरच विचारायचा.

पैसा कुठून

पहिला दरवाजा एचआरचा. मालकाने शिक्षणासाठी दिलेले वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतचे पैसे करमुक्त असतात, म्हणून बऱ्याच हॉस्पिटलांची मर्यादाही नेमकी तेवढीच असते. आता इथली गोम. बहुतेक ठिकाणी ही रिएम्बर्समेंट असते: आधी तुम्ही भरायचं, ग्रेड दाखवायची, मग परत मिळायचं. आणि कोर्स सुरू होण्याआधी मंजुरीचा फॉर्म लागतो. मी पहिला कोर्स सोमवारी सुरू केला आणि फॉर्म बुधवारी भरला. त्या कोर्सचा एक डॉलर परत मिळाला नाही. मॅनेजरने खांदे उडवले, एचआरने पॉलिसीचं पान पाठवलं. पानावर ते खरंच लिहिलेलं होतं.

पॉलिसीत आणखी दोन ओळी शोधा. किमान ग्रेड कोणती, आणि पैसे घेतल्यावर किती काळ नोकरी सोडायची नाही. दुसरी ओळ नवऱ्याची बदली होण्याची शक्यता असलेल्यांनी दोनदा वाचावी, कारण मुदतीआधी सोडलं तर पैसे परत मागतात. काहींना दोन्ही वर्षांची मर्यादा वापरता यावी म्हणून कोर्स डिसेंबर आणि जानेवारीत वाटून घेणं फायद्याचं ठरतं.

त्यानंतर फाफ्सा, म्हणजे फेडरल मदतीचा अर्ज. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर फेडरल मदत मिळू शकते. एच-१बी किंवा एच-४ वर असाल तर नाही. कर्जासाठी किमान अर्धवेळ विद्यार्थी असावं लागतं, साधारण एका सत्रात ६ क्रेडिट्स. पेल ग्रँट (परत न करायची फेडरल मदत) मात्र ज्यांची एकही बॅचलर्स झालेली नाही त्यांनाच, आणि भारतातली बॅचलर्सही त्यात धरली जाते. म्हणजे तीच बीए इकडे क्रेडिट देते आणि तिकडे ग्रँट घालवते. स्वतःच्या खिशातून फी भरली असेल तर करात लाइफटाइम लर्निंग क्रेडिट बघा: १०,००० डॉलरपर्यंतच्या फीच्या २० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त २,००० डॉलर. उत्पन्नाची मर्यादा आहे, आणि मालकाने करमुक्त दिलेली रक्कम त्यात धरता येत नाही.

वेग निवडताना

ऑनलाइन प्रोग्रॅमचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात सात-आठ आठवड्यांचे कोर्स एकामागून एक येतात, दर आठवड्याला डेडलाइन. दुसऱ्यात, जसं वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटीत, सहा महिन्यांच्या सत्राची एकच फी असते आणि त्या सहा महिन्यांत जमतील तितके कोर्स आपल्या वेगाने संपवायचे. स्वतःला शिस्त असेल तर दुसरा प्रकार स्वस्त पडतो. कुणीतरी मागे लागल्याशिवाय काम होत नाही असा स्वभाव असेल तर तोच महाग पडतो, कारण काही न करताही सत्र संपतंच. मी पहिल्या प्रकारात गेले, स्वतःला ओळखून.

वेळेचा जुना हिशेब असा: एका क्रेडिटला सगळं मिळून ४५ तास. ३ क्रेडिटचा कोर्स १३५ तासांचा. तो आठ आठवड्यांत बसवला तर आठवड्याला जवळजवळ १७ तास. प्रत्यक्षात अनुभवी नर्सला यापेक्षा कमी लागतात, मला दहा-बारा लागायचे. पण पहिल्या कोर्सला १७ धरूनच चला, आणि पहिल्या सत्रात एकच कोर्स घ्या. दोन घेऊन एक सोडणाऱ्या मी बऱ्याच पाहिल्यात.

शिफ्ट आणि डेडलाइन

कोर्सचा सिलॅबस आला की त्यातल्या सगळ्या तारखा त्याच दिवशी शिफ्टच्या कॅलेंडरमध्ये टाका. डिस्कशन बोर्डची चाल बहुतेक ठिकाणी अशी असते: बुधवार-गुरुवारपर्यंत आपली पोस्ट, रविवारपर्यंत दोघांना उत्तरं. ज्यांचं सेल्फ-शेड्युलिंग आहे त्यांनी सलग तीन बाराच्या शिफ्ट शुक्रवार-शनिवार-रविवार घेतल्या की रविवारची डेडलाइन हमखास बुडते. मी सलग तीन रात्री रविवार-सोमवार-मंगळवार घ्यायचे, बुधवारी झोपायचे आणि गुरुवारी लिहायचे.

एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती. माझं कॉलेज माउंटन टाइमचं, मी ईस्टर्नमध्ये. "रात्री ११:५९" म्हणजे माझे पहाटे १:५९, ही मला दोन तासांची चैन वाटायची. पुढे एका कोर्सची प्राध्यापिका ईस्टर्नची निघाली आणि तिने डेडलाइन आपल्या वेळेत लावली. मी रात्रीच्या शिफ्टमध्ये ब्रेकला साडेबाराला फोन उघडला तर पोस्टची खिडकी बंद. सकाळी पावणेआठला पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून तिला ईमेल लिहिलं, स्क्रबवर सलाइनचा डाग, डोळे मिटतायत. दहा टक्के गुण कापून घेतली तिने पोस्ट. तेव्हापासून प्रत्येक कोर्सच्या पहिल्या दिवशी मी टाइम झोन विचारते.

लिखाण

नर्सेसना खरा घाम फुटतो तो इथे. आपल्याला चार्टिंगची सवय: "पेशंट सावध, वेदना ४/१०, डॉक्टरांना कळवलं." छोटी वाक्यं, मत नाही. बीएसएनमध्ये नेमकं मत हवं असतं, आणि प्रत्येक मताखाली संदर्भ. तोही एपीएच्या, म्हणजे पेपर आणि संदर्भ लिहिण्याच्या ठरलेल्या शैलीच्या, सातव्या आवृत्तीच्या पद्धतीने. पहिल्या आठवड्यातच एपीएचा एक कोरा नमुना बनवून ठेवा: टायटल पेज, मार्जिन, हेडिंग, संदर्भांची जागा. पुढे प्रत्येक पेपर त्यातच लिहायचा. कॉलेजच्या लायब्ररीयनला चॅटवर प्रश्न विचारायला लाजू नका. सिनाल आणि पबमेड या संशोधन-लेखांच्या डेटाबेसमध्ये शोध कसा लावायचा हे तिने मला वीस मिनिटांत शिकवलं, मी आधी दोन संध्याकाळी वाया घालवल्या होत्या.

रिसर्चच्या कोर्समध्ये पिको प्रश्न विचारायला सांगतात. तो आपल्याच युनिटमधला घ्या. उदाहरणार्थ: मेडिकल-सर्जिकल युनिटमधल्या फोली कॅथेटर (लघवीची नळी) असलेल्या पेशंटमध्ये, नर्सने ठरलेल्या निकषांवर स्वतः कॅथेटर काढण्याचा प्रोटोकॉल ठेवला, तर डॉक्टरांच्या ऑर्डरची वाट बघण्याच्या तुलनेत लघवीमार्गाचा संसर्ग कमी होतो का? पेशंट, उपाय, तुलना, परिणाम, चारही आले. "नर्सेसचा ताण कमी कसा करावा" असला विषय घेतलात तर आठवडाभर नुसते लेख गोळा करत बसाल.

पेशंटची गोष्ट सांगताना हिपा, म्हणजे पेशंटच्या गोपनीयतेचा कायदा, डोक्यात ठेवा. डिस्कशन बोर्डवर "काल आमच्या छोट्या गावातल्या हॉस्पिटलात आलेली तिळी बाळं" असं लिहिलं की नाव न घेताही ओळख पटते. वय, तारीख, दुर्मीळ तपशील गाळा. आणि एआयकडून पेपर लिहून घेण्याआधी सिलॅबसमधलं धोरण वाचा. प्रत्येक कोर्सचं वेगळं असतं आणि पकडल्यावर जाणारी गोष्ट नुसती ग्रेड नसते.

प्रॅक्टिकम

ऑनलाइन म्हटलं तरी घराबाहेर पडावं लागतं. कम्युनिटी हेल्थ आणि शेवटचा कॅपस्टोन प्रकल्प, यांत प्रत्यक्ष तास असतात. कुठे कॉलेज जागा शोधून देतं, कुठे तुम्हालाच प्रिसेप्टर, म्हणजे देखरेख करणारी अनुभवी नर्स, शोधावा लागतो. स्वतः शोधायचा असेल तर कोर्सच्या निदान तीन महिने आधी फोन सुरू करा. हॉस्पिटल आणि कॉलेजमधला करार वकिलांकडे आठवडेच्या आठवडे पडून राहतो. स्वतःच्याच हॉस्पिटलात करायचं असेल तर बहुधा वेगळं युनिट आणि वेगळा वेळ लागतो, ड्युटीचे तास त्यात धरत नाहीत.

मला हा भाग नकोसा वाटत होता. ज्येष्ठांच्या एका इमारतीत रक्तदाब तपासायचं काम मिळालं. एका आजींनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर गोळ्यांच्या बाटल्या मांडल्या. एकीवर झेस्ट्रिल, दुसरीवर लिसिनोप्रिल. दोन वेगळ्या फार्मसी, दोन वेगळे डॉक्टर, औषध एकच, आणि त्या रोज सकाळी दोन्ही घेत होत्या. उठून उभं राहताना चक्कर येते, ती वयामुळे असेल असं त्यांना वाटत होतं. बाटल्या तशाच ठेवून मी प्रिसेप्टरला बोलावलं, तिने तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. वॉर्डात माझ्या हातात औषधांची यादी येते. ती यादी घरातल्या ओट्यावर कशी दिसते हे मी अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा बघितलं, आणि माझा कॅपस्टोन मग डिस्चार्जच्या वेळच्या औषध-पडताळणीवरच झाला.

शेवटची कागदपत्रं

सगळे कोर्स झाले म्हणजे पदवी मिळाली असं नाही. ग्रॅज्युएशनचा अर्ज वेगळा करावा लागतो, त्याला तारीख असते, ती शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच बघून ठेवा. त्याआधी डिग्री ऑडिट, म्हणजे कॉलेजची पदवीच्या अटींची यादी, उघडून प्रत्येक रकाना हिरवा आहे ना ते तपासा. माझ्यात एक ह्युमॅनिटीजचं क्रेडिट लटकलेलं निघालं, ईमेलचा जुना पुरावा होता म्हणून निभावलं.

ट्रान्सक्रिप्टवर पदवी प्रदान झाल्याची तारीख चढली की ऑफिशियल प्रत त्याच दिवशी एचआरला पाठवा. डिफरन्शियल बहुतेक ठिकाणी कागद पोचल्या तारखेपासून लागू होतं, पदवी मिळाल्या तारखेपासून नाही. दोन पगारांनंतर पेस्टब उघडून तो डॉलर आलाय का बघा. माझा तिसऱ्या पगारात आला, तोही दोन ईमेल केल्यावर.